काजूच्या बीचा गर होताना: जाहिरातीसाठी लेंटिक्युलर मॉर्फिंग कसं करावं

गोव्यातल्या बऱ्याच जत्रांच्या फेरीत देवांच्या तसबिरींचं एखादं दुकान असतं. तिथे मान थोडी हलवली की शंकराच्या जागी गणपती दिसतो, आणखी हलवली की लक्ष्मी. ही लेंटिक्युलर छपाईच. पण त्यात एक चित्र जातं आणि दुसरं येतं, मधे काहीच घडत नाही. छपाईवाले याला फ्लिप म्हणतात. मॉर्फमध्ये पहिल्या चित्राचे आकार वितळत, ताणत दुसऱ्या चित्राचे होतात आणि बघणाऱ्याला तो बदल स्वतःच्या हाताने घडवल्यासारखा वाटतो. म्हणूनच जाहिरातवाल्यांना मॉर्फ आवडतो. त्याचा अर्धा वापर मात्र चुकीच्या ठिकाणी होतो, असं माझं स्पष्ट मत आहे.

मॉर्फ घ्यायचा तो एक गोष्ट दुसरी होते तेव्हाच. कच्च्या बीचा भाजलेला गर होतो, नटाचा राजा होतो, पडक्या घराचं राहतं घर होतं. 'आमचं हॉटेल' आणि 'आमचा फोन नंबर' यांत होणं-बिणं काही नसतं. तिथे साधा फ्लिप घ्या, तो स्वस्त पडतो आणि स्वच्छही दिसतो. १९५२ च्या अमेरिकी निवडणुकीत आयझेनहॉवर यांच्या प्रचाराचे 'आय लाइक आइक' हे बिल्ले वाटले गेले. त्यात घोषणा आणि चेहरा आलटून पालटून दिसायचे. तो फ्लिप होता आणि फ्लिपच हवा होता.

या लेखात मी दोन कामं डोळ्यांसमोर ठेवतो. पहिलं, म्हापशाच्या बाजारातल्या काजूविक्रेत्यासाठी हातात धरायचं कार्ड. दुसरं, फोंड्याच्या राजीव गांधी कला मंदिराच्या लॉबीत लावायचं मराठी नाटकाचं पोस्टर. तंत्र एकच, पण निर्णय जवळजवळ सगळे उलटे.

शीट समजून घ्या

लेंटिक्युलर शीट म्हणजे एका बाजूने सपाट आणि दुसऱ्या बाजूने पत्र्याच्या छपरासारख्या पन्हळी असलेलं पारदर्शक प्लास्टिक, बहुधा पीईटीजी किंवा ॲक्रिलिक. प्रत्येक पन्हळ ही एक लांबट लेन्स असते. सपाट बाजूवर, प्रत्येक लेन्सच्या बरोबर मागे, सगळ्या चित्रांची एकेक बारीक पट्टी शेजारी शेजारी छापलेली असते. बघण्याचा कोन बदलला की लेन्स वेगळी पट्टी मोठी करून दाखवते.

इंचात किती लेन्स आहेत, त्याला एलपीआय म्हणतात. ७५ एलपीआयच्या शीटमध्ये एक लेन्स सुमारे ०.३४ मिलिमीटर रुंद असते, ४० मध्ये ०.६३५ आणि २० मध्ये १.२७ मिलिमीटर. आकडा वाढला की लेन्स बारीक होते, शीट पातळ होते आणि बघायचं अंतर कमी होतं. हातातल्या कार्डाला ७५ किंवा १०० घ्या. भिंतीवरच्या पोस्टरला ४० किंवा ६०, आणि रस्त्यापलीकडून बघायच्या फलकाला २० किंवा त्याहून कमी.

पुरवठादाराला एलपीआयसोबत शीटचा बघण्याचा कोनही विचारा, म्हणजे किती अंशांत सगळ्या पट्ट्या एकदा दिसून होतात ते. त्रिमितीसाठीच्या शीटचा कोन अरुंद असतो. मॉर्फला रुंद कोनाची शीट लागते, साधारण ४५ अंश किंवा जास्त. एलपीआय तोच असतो, पण शीट वेगळी. हा प्रश्न न विचारता ऑर्डर दिली की त्रिमितीची शीट घरी येते आणि मॉर्फ डोळ्यांसमोर उड्या मारतो.

लेन्स आडवी की उभी

हा निर्णय सगळ्यात आधी घ्यायचा आणि नंतर बदलायचा नाही, कारण त्यावर फोटोच्या मांडणीपासून कटिंगपर्यंत सगळं ठरतं.

आपले दोन डोळे एकमेकांपासून साधारण साडेसहा सेंटिमीटर दूर असतात. कार्ड ४० सेंटिमीटरवर धरलं तर दोन्ही डोळ्यांच्या कोनात नऊ अंशांचा फरक पडतो. लेन्स उभ्या असतील तर एका डोळ्याला एक फ्रेम आणि दुसऱ्याला दोन-तीन फ्रेम पुढची दिसते. त्याने डोकं दुखतं. लेन्स आडव्या ठेवल्या की दोन्ही डोळ्यांना एकच फ्रेम दिसते आणि कार्ड वर-खाली कलतं केलं की चित्र बदलतं. म्हणून हातातल्या मॉर्फला लेन्स आडवीच.

भिंतीवरचं पोस्टर कोणी कलतं करत नाही. समोरून माणूस चालत जातो, म्हणून तिथे लेन्स उभी हवी. दीड मीटरवर डोळ्यांमधला फरक अडीच अंशांच्या आसपास येतो. फ्लिपमध्ये तोही खटकतो, मॉर्फमध्ये मात्र शेजारच्या फ्रेम एकमेकींसारख्याच असल्याने फक्त थोडा मऊपणा जाणवतो. मॉर्फचा हा मोठा फायदा आहे.

उभी-आडवीचा सगळ्यात हुशार वापर मला स्पेनच्या 'अनार' या बालसंरक्षण संस्थेच्या २०१३ च्या पोस्टरमध्ये दिसतो. मोठ्या माणसाच्या उंचीवरून साधा चेहरा दिसायचा. लहान मुलाच्या उंचीवरून त्याच चेहऱ्यावर मारहाणीचे वळ आणि मदतीचा फोन नंबर. सोबत उभ्या असलेल्या मोठ्यांना न कळता संदेश मुलापर्यंत पोचायचा. हे फक्त उंचीच्या कोनावर चालतं, म्हणजे लेन्स आडवी. तंत्राचा गुण आणि सांगायची गोष्ट इथे एकच झाली आहे. तुमच्या कामात ती एक होत नसेल तर थांबून पुन्हा विचार करा.

जोडी निवडणं

काजूवाला म्हणेल, "बोंडूचा आमचा पॅकेट होताना दाखवा." नको. बोंडू, म्हणजे काजूचं फळ, गोलसर, लाल-पिवळा, आणि पॅकेट चौकोनी, चकचकीत. मधली फ्रेम म्हणजे कोपरे फुटलेला रंगीत लगदा. त्याऐवजी कच्ची बी आणि भाजलेला गर घ्या. दोघांचाही आकार तोच, मूत्रपिंडाचा, आणि वळणाची खाच एकाच जागी. करडं टरफल हळूहळू तुपकट सोनेरी होतं. बाह्यरेषा जवळपास हलत नाही, फक्त पोत आणि रंग बदलतात. असा मॉर्फ शंभरातले नव्याण्णव छापखाने नीट छापतील.

नाटकाच्या पोस्टरला नटाचा रंगभूषेआधीचा चेहरा आणि राजाच्या वेशातला चेहरा. चेहऱ्याचा चेहरा होणं हे मॉर्फचं माहेरच. पण दोन्ही फोटो एकाच बैठकीत काढा. कॅमेरा तिवईवर, लेन्स तीच, उजेड तोच, आणि नटाने नजर भिंतीवरच्या एकाच खुणेवर ठेवायची. रंगभूषेला दोन तास लागणार असतील तर तिवई तिथेच राहू दे. जमिनीवर तिच्या पायांच्या जागा टेपने आखून ठेवा, म्हणजे कुणाचा धक्का लागला तरी परत जुळवता येईल. रिकाम्या पार्श्वभूमीचा एक फोटोही घ्या, पुढे तो लाखमोलाचा ठरतो.

एक सावधगिरी इथेच सांगतो. देवाच्या मूर्तीतून वस्तू किंवा वस्तूतून मूर्ती असा मॉर्फ करू नका. चवथीला किंवा शिगम्याला तशी मागणी येतेच. ग्राहक उत्साहाच्या भरात मागतो आणि लोकांचा रोष छापणाऱ्यावर येतो. फेणीच्या बाटलीसाठी टॅग मागितला तर लेबल आणि जाहिरात या दोन्हींचे नियम आधी अबकारी खात्यात विचारून घ्या, मग फोटो काढा.

फ्रेम किती, आणि कुठली किती वेळ

गणित सोपं आहे. छपाई यंत्राचं खरं डीपीआय (इंचात किती ठिपके) भागिले एलपीआय म्हणजे एका लेन्समागे बसणाऱ्या पट्ट्या. ७२० डीपीआयच्या यूव्ही (अतिनील किरणांनी शाई सुकवणाऱ्या) मशीनवर ६० एलपीआयला १२ पट्ट्या, ४० एलपीआयला १८. २४०० डीपीआयच्या ऑफसेट प्लेटवर ७५ एलपीआयला ३२ येतात, पण शाईचा ठिपका स्वतःची जागा घेतो, म्हणून प्रत्यक्षात त्याच्या निम्म्याच वापरलेल्या बऱ्या. मशीनवर १४४० लिहिलेलं असलं तरी दोन्ही दिशांना १४४० आहे का, हे ऑपरेटरला विचारा.

नवखा डिझायनर बारा फ्रेम समान वाटतो, ०, ९, १८, २७ टक्के अशा. मग कुठलंच चित्र टिकत नाही. कार्ड हातात घेतल्यापासून सगळं वाहतच राहतं. पहिल्या आणि शेवटच्या चित्राला मुक्काम द्यायचा असतो.

त्याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे कार्ड सरळ समोर धरलं की लेन्स मधली पट्टी दाखवते. पहिल्या चित्रापासून दुसऱ्यापर्यंत सरळ क्रम लावला तर मधली फ्रेम ही अर्धवट मॉर्फची, म्हणजे सगळ्यात कुरूप. ग्राहकाच्या हातात कार्ड पडताच त्याला बीही दिसत नाही आणि गरही नाही. शिवाय कोनाच्या टोकाला शेवटच्या फ्रेमवरून एकदम पहिलीवर उडी बसते, ती वेगळीच.

यावर माझा आवडता उपाय म्हणजे जाऊन-येऊन क्रम. बी म्हणजे क, गर म्हणजे ख धरू, आणि टक्के म्हणजे बीचा गराकडे झालेला बदल. बारा पट्ट्या अशा लावा: ख, ख, ८० टक्के, ५०, २०, क, क, क, २०, ५०, ८०, ख. सरळ धरलं की बी दिसते, कुठेही कलवलं की गर होतो. दोन्ही टोकांना गरच असल्याने उडी नाही. छपाईत शीट केसभर सरकली तर मधली फ्रेम थोडी बदलेल, पण कच्च्या बीचा मुक्काम तीन पट्ट्यांचा असल्याने ते पचतं. मधल्या टप्प्यांच्या फ्रेम तीनच मिळतात, हा तोटा. जोडी चांगली असेल तर तीन पुरतात. पुरत नसतील तर जोडी बदला, डीपीआय वाढवायच्या मागे लागू नका.

पोस्टरचं गणित वेगळं. ४५ अंश कोनाच्या शीटसमोर दीड मीटरवरून चालणारा माणूस सव्वा मीटरमध्ये पूर्ण चक्र पार करतो. साध्या चालीने हा फक्त एक सेकंद. त्यात जाऊन-येऊन बसवलं तर चेहरा पापणी लवल्यासारखा बदलून परत येतो. तीन मीटरवरून अडीच मीटर मिळतात, म्हणजे दोन सेकंद. म्हणून आधी लॉबीत जाऊन माणसं भिंतीपासून किती दुरून चालतात ते टेपने मोजा, आणि भिंत त्याप्रमाणे निवडा. प्रेक्षक एकाच दिशेने सभागृहाकडे जात असतील तर सरळ क्रम ठेवा. ४० एलपीआयला १८ पट्ट्यांपैकी सहा साध्या चेहऱ्याला, पाच बदलाला, सात राजाला. परत येताना राजाचा माणूस होतो, आणि नाटक संपवून बाहेर पडणाऱ्यांना तेही शोभतं. लोक दोन्ही दिशांनी फिरत असतील तर मात्र जाऊन-येऊन क्रमच बरा.

मधल्या फ्रेम तयार करणं

मॉर्फ म्हणजे एकाच वेळी चालणाऱ्या दोन क्रिया: आकार ताणणं आणि रंग विरघळवणं. नुसतं विरघळवलं तर दोन चित्रं एकमेकांवर भुतासारखी दिसतात. फोटोशॉपमध्ये पारदर्शकता कमी-जास्त करून कुणी 'मॉर्फ' दिला तर तो मॉर्फ नव्हे. फँटामॉर्फसारखं खास सॉफ्टवेअर, गिंपमधलं जी-मिकचं मॉर्फ फिल्टर किंवा आफ्टर इफेक्ट्समध्ये रीफ्लेक्स प्लगइन यांपैकी काहीही चालेल. दोन फोटोंमधल्या फ्रेम आपोआप बनवणारी एआय साधनं झटपट काम करतात, पण ती मधेच नवं काहीतरी कल्पून घालतात. गराच्या कडेला तिसरीच खाच उगवलेली मी पाहिली आहे. वापरली तर प्रत्येक फ्रेम मोठी करून तपासा.

बिंदू लावायची रीत अशी. बीच्या कडेने आधी ठळक जागा पकडा: वरचं टोक, खालचं टोक, खाचेचा तळ, पोटाचा फुगवटा. मग त्यांच्या मधे भरत जा. एकूण पंधरा-वीस पुरतात. बिंदू वाढवत नेले की एकमेकांना ओलांडतात आणि तिथे चित्र चुरगळतं. चेहऱ्यावर बाहुल्या, डोळ्यांचे कोपरे, नाकपुड्या, ओठांचे कोपरे, हनुवटी, जबड्याची रेघ आणि केसांची सीमा हे बिंदू लावा. बाहुल्या मॉर्फ सुरू करण्याआधीच दोन्ही फोटोंत एकाच जागी आणून ठेवा. डोळे स्थिर राहिले तर बाकीचा चेहरा कितीही बदलला तरी बघणारा धरून राहतो.

राजाच्या मुकुटाला साध्या चेहऱ्यात जोडीदार नाही. त्याला केसांतून ताणून काढायचा प्रयत्न केला की डोक्यावर शिंगं फुटतात. मुकुट वेगळ्या थरावर ठेवा, त्याची खालची कड केसांच्या सीमेला जुळवा आणि चेहरा साठ-सत्तर टक्के बदलल्यावर तो विरघळत येऊ द्या. पार्श्वभूमीही वेगळा थर. ती सगळ्या फ्रेममध्ये जशीच्या तशी, अजिबात न हलता. रिकाम्या पार्श्वभूमीचा फोटो घ्यायला सांगितला तो यासाठी.

पार्श्वभूमीचा रंग मध्यम ठेवा: पिकल्या नारळाच्या सोडणाचा तपकिरी, दगडी करडा, गडद हिरवा. शुद्ध पांढऱ्यावर काळं आलं की लेन्समधून शेजारच्या फ्रेमची पुसट छाया दिसते. तिला घोस्टिंग म्हणतात आणि ती पूर्ण कधीच जात नाही. दोन्ही चित्रांचा उजळपणा जितका जवळ, तितकी ती लपते.

फ्रेम तयार झाल्या की त्यांची जीआयएफ करून मोबाइलवर बघा. मग मधली फ्रेम एकटी काढून अशा कुणाला तरी दाखवा ज्याने मूळ फोटो पाहिले नाहीत. तो दचकला तर बदलाच्या फ्रेम कमी करा.

देवनागरी अक्षरं

या विषयावरचं इंग्रजीतलं मार्गदर्शन रोमन अक्षरं धरून लिहिलेलं असतं. आपला प्रश्न त्यांना पडत नाही. लेन्सच्या लांबीला काटकोनात चित्राची खरी स्पष्टता फक्त एलपीआयइतकी असते. ७५ एलपीआयला आडवी लेन्स म्हणजे वरून खाली इंचात ७५ रेघा, बस्स. शिरोरेघ नेमकी लेन्सला समांतर. ती एका लेन्सहून बारीक असेल तर कुठे गायब होते, कुठे दुप्पट जाड दिसते, आणि कार्ड कलवताना लुकलुकते. शिरोरेघ किमान दोन-तीन लेन्स जाड हवी, म्हणजे ७५ एलपीआयला पाऊण ते एक मिलिमीटर. जाड वळणाच्या फॉन्टमध्येही हे साधारण २४ पॉइंटला जमतं.

उभ्या लेन्सला शिरोरेघ वाचते, पण काना आणि दंड अडचणीत येतात. ४० एलपीआयच्या पोस्टरवर काना दीड-दोन मिलिमीटरहून बारीक नको. पोस्टरच्या आकाराला हे सहज जमतं, कार्डावर जमत नाही. अनुस्वाराचा टिंब आणि रफार दोन्हीकडे तपासा. 'काजूंची' मधला टिंब उडाला तर दुकानदार छपाईची चूक म्हणून कार्डं परत पाठवेल, आणि ते बरोबरच आहे.

अक्षरं मॉर्फ करू नका. नाव सगळ्या फ्रेममध्ये एकाच जागी, एकाच रंगात ठेवा. पत्ता, फोन, किंमत हे सगळं कार्डाच्या मागच्या पांढऱ्या बाजूला. क्यूआर कोडही मागेच, कारण लेन्समधून मोबाइलला तो वाचताना त्रास होतो.

पिच टेस्ट

इंचात प्रत्यक्ष किती लेन्स धरून छापायचं, तो नेमका आकडा म्हणजे पिच. ४० एलपीआय लिहिलेली शीट तंतोतंत ४० नसते. प्रत्येक लॉट थोडा वेगळा निघतो. शिवाय जवळून बघताना डोळा काठाकडच्या लेन्समध्ये तिरका बघतो, म्हणून छापलेल्या पट्ट्यांचं माप लेन्सच्या मापापेक्षा किंचित मोठं लागतं. किती, ते बघण्याच्या अंतरावर ठरतं. समजा खरा आकडा इंचात ३९.९५ आहे आणि तुम्ही ४० धरून छापलंत. वीस इंचांत एका लेन्सचा, म्हणजे पूर्ण चक्राचा फरक पडतो. पोस्टरच्या एका कडेला साधा चेहरा, मधे राजा आणि दुसऱ्या कडेला पुन्हा साधा चेहरा, तेही एकाच वेळी.

म्हणून टेस्ट. इंटरलेसिंगच्या, म्हणजे फ्रेमच्या पट्ट्या एकत्र विणण्याच्या, सॉफ्टवेअरमध्ये, उदाहरणार्थ ट्रायॲक्सिसच्या थ्रीडी मास्टरकिटमध्ये, पिच टेस्टचा तक्ता बनवता येतो. ३९.८० पासून ४०.२० पर्यंत ०.०५ च्या फरकाने बारीक काळ्या-पांढऱ्या रेघांचे पट्टे, प्रत्येकावर त्याचा आकडा. हा तक्ता त्याच मशीनवर, त्याच सेटिंगने, अंतिम काम ज्या दिशेला छापणार त्याच दिशेला छापा. त्यावर शीट ठेवा आणि प्रेक्षक जितक्या दुरून बघणार तितक्या दूर उभे राहून एक डोळा मिटून बघा. बरोबर आकड्याचा पट्टा या टोकापासून त्या टोकापर्यंत एकसाथ काळा किंवा एकसाथ पांढरा होतो. बाकीच्यांत पट्टे फिरतात. जवळचे दोन आकडे सापडले की त्यांच्यामधे ०.०१ च्या फरकाने दुसरा तक्ता काढा. कार्डासाठी हातभर अंतरावरून, पोस्टरसाठी तीन मीटरवरून. टेबलाशी उभं राहून पोस्टरची पिच ठरवू नका.

इंटरलेस आणि छपाई

मिळालेला आकडा घालून फ्रेम एकत्र विणा. फाइल टिफमध्ये ठेवा. जेपेग केली की बारीक पट्ट्या एकमेकींत मिसळतात. छापखान्याला लेखी सांगा: आकार शंभर टक्के, 'फिट टू पेज' बंद, शार्पनिंग बंद, रिपमध्ये (फाइल मशीनसाठी तयार करणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) रीसॅम्पलिंग बंद. व्हॉट्सॲपवर फाइल पाठवू नका, हे सांगायची वेळ अजूनही येते. ऑफसेटला स्क्रीन एफएम (विखुरलेल्या ठिपक्यांची) मागा, नाहीतर नेहमीच्या ठिपक्यांची जाळी आणि लेन्स मिळून मोआरे, म्हणजे लाटांसारखी नको असलेली नक्षी, उठतो.

छापायचे मार्ग दोन. पहिला, फोटो पेपरवर छापून शीटला पारदर्शक चिकटने जोडणं. दुसरा, शीटच्या सपाट पाठीवर थेट यूव्हीने उलटं चित्र छापून त्यावर पांढऱ्या शाईचा थर देणं. आधी रंग, मग पांढरा. गोव्यात मी दुसराच सुचवतो. कागद ओल पितो आणि फुगतो. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणाऱ्या प्रदेशात जुलैमध्ये सकाळी घेतलेली पिच टेस्ट एसी बंद झाल्यावर संध्याकाळी खोटी ठरू शकते. प्लास्टिकला ओलीचा त्रास नगण्य, पण उष्णतेने तेही किंचित वाढतं, म्हणून शीट एक-दोन दिवस छपाईच्याच खोलीत ठेवून मग वापरा.

साईनेजवाल्यांकडच्या यूव्ही फ्लॅटबेडवर हे काम होतं. लेन्सची बाजू खाली गेली की पन्हळींतून हवा निसटते आणि बेडचा व्हॅक्यूम शीट धरत नाही. चारही कडा टेपने चिकटवा. मशीन एकाच दिशेने छापू दे. वेळ दुप्पट लागतो, पण पट्ट्या सरळ येतात. शीट बेडवर किती काटकोनात बसली हे कडेला छापलेल्या चाचणीच्या रेघांवरून कळतं. वीस इंचांत एका लेन्सइतकं, म्हणजे ०.६ मिलिमीटर तिरकं गेलं तरी चित्रातून तिरपी पट्टी जाते. पूर्ण काम छापण्याआधी चित्राच्या या टोकापासून त्या टोकापर्यंतची एक अरुंद पट्टी छापून बघा. मधला छोटा तुकडा छापून पास करू नका. चुका कडेला दिसतात.

कापताना कार्डावर लेन्सची दिशा पुन्हा बघा. शीट फिरवून एका तावात चार कार्डं जास्त बसवण्याचा मोह कटरला होतो आणि ती चार कार्डं उभ्या लेन्सची निघतात.

कुठे लावायचं, कसं वाटायचं

पोस्टरवर काच लावू नका. काचेतलं प्रतिबिंब आणि लेन्सची चमक एकत्र आली की मॉर्फ दिसतच नाही. वरून तिरका पिवळसर दिवा बरा, समोरची ट्यूबलाइट वाईट. मागून प्रकाश द्यायचा असेल तर पांढरा थर पातळ हवा, हे छपाईआधी सांगा. उन्हात तापणाऱ्या गाडीच्या डॅशबोर्डवर पीईटीजीचं कार्ड वाकतं. शॅकमधल्या टेबलावरचं वाळूने भरलं तर कोरड्या फडक्याने पुसू नका, ओरखडे लेन्सवर कायमचे राहतात. पाण्याने धुवा, आणि थिनर तर जवळही नको.

मिरामारला किंवा कळंगुटला पत्रकांसारखी कार्डं वाटायला माझा विरोध आहे. जाड प्लास्टिक, त्यावर शाई. भंगारवालाही घेत नाही आणि शेवटी ते वाळूतच जातं. १ जुलै २०२२ पासूनच्या एकदा वापरायच्या प्लास्टिकवरील बंदीच्या यादीत १०० मायक्रॉनहून पातळ बॅनर आहेत. आपली शीट त्याहून बरीच जाड असते, म्हणून नियमातून सुटते, एवढंच. लोक ठेवतील अशी वस्तू करा. काजूच्या अर्धा किलोच्या डब्याच्या झाकणात बसणारी चकती, फ्रिजचं मॅग्नेट, नाटकाच्या सीझन तिकिटाचं पाकीट. पर्यटक असली वस्तू विमानातून घरी नेतो आणि चार जणांना कलवून दाखवतो. जाहिरात तिथे होते.

खर्च साध्या आर्ट कार्डाच्या कैक पटीने येतो, म्हणून पहिल्यांदा थोडीच छापा. मागच्या बाजूला वेगळा सवलत कोड द्या, आणि त्याच दुकानात, त्याच आठवड्यांत साध्या छापील कार्डावर दुसरा कोड. दोन वेगळ्या दुकानांत तुलना करू नका. म्हापशाची शुक्रवारची गर्दी आणि इतर दिवसांची गर्दी यांतही फरक असतो, म्हणून दोन्ही कार्डं शुक्रवारीच वाटा.

काम आवडलं आणि पुन्हा ऑर्डर आली तर जुनीच फाइल छापखान्याला पाठवायची घाई करू नका. फ्रेमचं फोल्डर, बिंदूंची फाइल आणि थर जपून ठेवलेले असतील तर ते तसेच वापरता येतील, पण शीटचा लॉट नवा असणार. तक्ता पुन्हा छापा, पिच पुन्हा काढा आणि फ्रेम नव्या आकड्यावर पुन्हा विणून द्या.